माणसाविना जहाजं येणारेत म्हणं, मग पोराला मर्चंट नेव्हीत घालायचं का? डेक, इंजिन, ईटीओ का किनारा

सुट्टीवर सोलापूरला आलो की पहिल्या रविवारी ताई-दाजी येतातच, यावेळी भाच्याला पण घेऊन आले. भाच्चा बारावी सायन्सला आहे. दाजींचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, मोठा नाही, बारा माग आहेत. चहा यायच्या आत त्यांनी मोबाईल पुढं केला, त्यात नॉर्वेतल्या एका जहाजाचा व्हिडिओ, वर एक माणूस दिसंना आणि जहाज आपलं आपण निघालंय. "हे बघा, तुम्ही म्हणताव पोराला जहाजावर घाला, आणि इथं तर माणूसच काढून टाकायलेत. पोरगं शिकून बाहेर पडेपर्यंत तुमची तरी नोकरी राहती का बघा आधी."

हसण्यावारी नेलं, पण प्रश्न चुकीचा नव्हता. मग दोन रविवार आम्ही तेच बोलत बसलो आणि त्यातनं हे लिहून काढलंय, कारण असाच प्रश्न मला फोनवर बरेच जण विचारतात. एक आधीच सांगतो, मी १४ वर्षं जहाजावर आहे आणि सेकंड इंजिनियर आहे, म्हणजे डेकवाल्यांबद्दल, जहाज हाकणाऱ्या लोकांबद्दल, माझ्या तोंडून पूर्ण न्याय होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

आधी तो व्हिडिओ. यारा बिर्कलँड नावाचं जहाज आहे, ८० मीटर लांब, १२० कंटेनर मावतात, सगळं बॅटरीवर, बॅटरीत साधारण ७ हजार युनिट वीज बसते. खत कारखान्यातला माल हेरोयाहून ब्रेविक बंदरात न्यायचा एवढंच त्याचं काम, अंतर १३ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपण सोलापुरातून हिप्परग्याला जाऊन यावं जवळपास तेवढं. त्याच्यामुळं वर्षाला ४० हजार ट्रकच्या फेऱ्या वाचणार असा कंपनीचा हिशोब आहे. २०१७ ला जाहीर केलं तेव्हा २०२० पर्यंत पूर्ण आपलं आपण चालेल म्हणाले होते. प्रत्यक्षात माल वाहायला लागलं २०२२ ला, आणि तेही वर माणसं ठेवूनच, कंट्रोल हळूहळू होर्टन गावातल्या किनाऱ्यावरच्या केंद्राकडं न्यायचा असं ठरवून. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

ह्याच जातीची दुसरी दोन जहाजं, मारिट आणि तेरेसा, नॉर्वेच्याच एका किराणा मालाच्या कंपनीची, प्रत्येकावर १६ ट्रेलर चढतात, ऑस्लोच्या खाडीत ह्या काठावरनं त्या काठावर. ही बांधली कुठं माहितीय का, आपल्या कोचीन शिपयार्डमध्ये, २०२२ ला दिली. कोचीहून ती स्वतः चालत गेली नाहीत, दुसऱ्या मोठ्या जहाजावर चढवून नॉर्वेला नेली. हे सांगितल्यावर दाजींना फार बरं वाटलं, का ते मला कळलं नाही.

मोठ्या जहाजांचं गणित वेगळं आहे. २०२२ मध्येच प्रिझम करेज नावाचं एलएनजी, म्हणजे गार करून द्रव केलेला गॅस, नेणारं जहाज अमेरिकेतल्या टेक्सासहून पनामा कालव्यातनं कोरियाला गेलं, ३३ दिवस, २० हजार किलोमीटर, त्यातलं निम्मं अंतर कॉम्प्युटरनं रस्ता आणि स्पीड ठरवून कापलं. इंधन वाचलं, समोरची जहाजं चुकवली, सगळं झालं, पण पूर्ण क्रू वर होता. जपाननं त्याच वर्षी सुझाकू नावाचं कंटेनर जहाज टोकियोच्या खाडीतनं त्सू-मात्सुसाकाला नेऊन परत आणलं, ७९० किलोमीटरची फेरी, जवळपास सगळी आपली आपण, आणि टोकियोची खाडी म्हणजे आपला नवी पेठेचा दिवाळीतला रस्ता समजा, एवढी गर्दी. तिथंही क्रू वर होताच.

म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी चालल्यात आणि आपण त्यांना एकच समजायलोय. छोटं, बॅटरीवरचं, ठरलेल्या दोन धक्क्यांमध्ये ये-जा करणारं जहाज, ह्यावरनं माणूस खरंच उतरणार आहे. आणि महासागर ओलांडणारं अडीचशे-तीनशे मीटरचं जहाज, ह्यावर माणूस कमी होणार आहे. इंटरनॅशनल मेरिटाइम ऑर्गनायझेशन, म्हणजे आमची आयएमओ, हिनं पण चार पायऱ्या पाडल्यात. पहिलीत यंत्र मदत करतं आणि माणसं वर असतात, दुसरीत लांबून चालवायचं पण माणसं वर, तिसरीत लांबून चालवायचं आणि वर कुणी नाही, चौथीत जहाज स्वतःच ठरवतं. मी आत्ता ज्या जहाजावरनं उतरलो ते पहिल्या पायरीवर पण नीट चढलेलं नाही, त्याचं फ्रीजचं सेन्सर महिनाभर खोटं टेम्परेचर दाखवत होतं.

नियमांचं बघा. आयएमओच्या आराखड्यात ह्या जहाजांसाठीचा कोड २०२६ ला ऐच्छिक आणि १ जानेवारी २०३२ पासून बंधनकारक, असं आहे. बंधनकारक म्हणजे माणूस काढणं बंधनकारक असं नाही बरं का, दाजींचा तोच गैरसमज झाला होता. ज्याला असं जहाज चालवायचंय त्यानं हे हे पाळायचं, एवढंच. बाकीचे जुने कायदे तसेच उभे आहेत. समुद्रावरच्या रस्त्याचे नियम १९७२ चे, त्यातला पाचवा नियम म्हणतो की डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवायचा. आता कॅमेऱ्याला डोळा म्हणायचं का ह्यावर वकील लोकांची पोटं भरायलेत. कुणी बुडत असेल तर वाचवायला जायचं हा पण कायदा आहे, रिकामं जहाज बुडणाऱ्याला वर ओढणार कसं?

भाच्चा आज १७ चा आहे, ज्या वर्षी तो कोड लागू होईल त्याच्या आसपास हा नुकता सर्टिफिकेट काढून ज्युनियर ऑफिसर झालेला असेल, म्हणून "जहाजं येणार का नाही" ह्यावर डोकं खाण्यात अर्थ नाही, ती येणारच आहेत त्याच्या नोकरीच्या मधोमध. चाळिशीत जहाज सुटलं तर हातात काय उरतं, ह्यावरनं वाट निवडायची.

वाटा चार आहेत.

डेक म्हणजे कॅप्टनची लाईन. बारावी पीसीएम, त्यात ६० टक्के, इंग्रजीत ५०, मग आयएमयू सीईटी (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा), मग डीएनएस नावाचा एक वर्षाचा डिप्लोमा, दीड वर्ष कॅडेट म्हणून समुद्रावर, मग सेकंड मेटची परीक्षा. सगळ्यात लवकर कमाई ह्यातच सुरू होते. विशी-बाविशीत पोरगं ऑफिसर, तिशी ओलांडता ओलांडता कॅप्टन, आणि कॅप्टनचा पगार ऐकला की आपल्याकडं लोक गप्प होतात.

इंजिनला दोन रस्ते आहेत. एक, चार वर्षांचं बीटेक मरीन इंजिनियरिंग आणि मग सहा महिने समुद्रावर. दोन, इथं सोलापुरात किंवा पुण्यात साधं मेकॅनिकल बीई करायचं आणि मग जीएमई म्हणून एक वर्षाचा कोर्स. मी दुसऱ्या रस्त्यानं गेलो. घरची भाकरी खाऊन चार वर्षं काढली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जहाज नाही मिळालं तरी चिंचोळीच्या एमआयडीसीत उभं राहायला डिग्री होती.

ईटीओ म्हणजे इलेक्ट्रो टेक्निकल ऑफिसर. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स असलं काहीतरी शिकायचं, मग चार महिन्यांचा कोर्स. ह्या पदाला स्वतंत्र सर्टिफिकेट मिळालं ते खलाशांच्या ट्रेनिंगच्या जागतिक नियमांत २०१० ला झालेल्या मनिला दुरुस्त्यांनंतर, त्यामुळं लोकांना माहितीच कमी. वायरिंग, सेन्सर, अलार्म, क्रेनची मोटर, रडार, सॅटेलाइटची डिश, ज्याला ज्याला वायर आहे ते सगळं ह्याच्या गळ्यात.

आणि किनारा. विशाखापट्टणमला आयएमयूचं बीटेक नेव्हल आर्किटेक्चर आहे, खरगपूर-मद्रासच्या आयआयटीत ओशन इंजिनियरिंग आहे, किंवा सरळ कॉम्प्युटर करून ह्या जहाजांचं सॉफ्टवेअर लिहायचं.

आता आधी कुणाचं काम जाणार? माझं स्पष्ट मत, डेकचं. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, चार चार तासांचा पहारा हेच डेक ऑफिसरचं मुख्य काम, आणि सगळ्या कंपन्या नेमकं तेच कॉम्प्युटरकडं द्यायला बघायल्यात. कॅमेरा, रडार, एआयएस (आसपासची जहाजं आपली जागा आणि स्पीड कळवतात ती यंत्रणा) एकत्र करून समोर काय आहे ओळखायचं आणि वळायचं, ह्यात यंत्र थकत नाही, झोपत नाही. थकव्याचं तर सोडाच, २०२० ला वाकाशिओ नावाचं जहाज मॉरिशसच्या खडकावर चढलं कारण मोबाईलला रेंज मिळावी म्हणून किनाऱ्याजवळ नेलं होतं. असल्या बातम्या आल्या की मालक लोकांना माणूस काढायचं निमित्तच मिळतं.

पण ह्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती माझ्या डेकवाल्या मित्रानं मला चांगलीच ऐकवली. आयएमओच्या चर्चेत एक गोष्ट पक्की झालीय की जहाज कितीही हुशार असलं तरी त्याला जबाबदार असा एक माणूस मास्टर, म्हणजे कॅप्टन, म्हणून असणारच, तो वर असेल किंवा किनाऱ्यावर खुर्चीत. मग त्या खुर्चीत कोण बसणार? ज्यानं खऱ्या समुद्रात जहाज वळवलंय तोच. हे मान्य. फक्त खुर्च्या किती असणार, हे कुणी बोलत नाही. एका माणसानं स्क्रीनवर तीन-चार जहाजं बघावीत ह्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चाललाय.

डेकवाल्यांना अजून एक आधार आहे, जीपीएस. २०२५ च्या मे महिन्यात एमएससी अँटोनिया नावाचं मोठं कंटेनर जहाज जेद्दाजवळ उथळ पाण्यात रुतलं, आणि जीपीएसमध्ये कुणीतरी गडबड केल्याचा संशय होता. तांबडा समुद्र, काळा समुद्र, होर्मुझ, सगळीकडं हे चाललंय. स्क्रीन म्हणतीय आपण विमानतळावर उभे आहोत आणि खिडकीतनं बघितलं तर समुद्र, अशा वेळी खिडकीतनं बघणारा माणूस पाहिजेच. तरी पण चार माणसांच्या जागी दोन पुरतात का, हा विचार मालक करणारच.

इंजिनमध्ये गंमत अशी की आमच्याकडं हे सगळं आधीच होऊन गेलंय. रात्री इंजिन रूममध्ये कुणीच नसतं, गेली पन्नासेक वर्षं नसतं. यूएमएस म्हणतात त्याला. संध्याकाळी सगळं तपासायचं, दार लावायचं, केबिनमध्ये जाऊन झोपायचं, काही बिनसलं तर केबिनमध्ये अलार्म वाजतो. म्हणजे पहारा कधीच गेला, राहिली ती दुरुस्ती. आणि दुरुस्ती कशाची म्हणाल तर सगळ्याचीच. डांबरासारखं जाड इंधन, ते गरम करायचं, प्युरिफायरमधनं काढायचं, प्युरिफायर तुंबला की उघडायचा, पाईप गळायला लागला की क्लॅम्प मारायचा. मागच्या ट्रिपला रात्री अडीचला अलार्म वाजला, खाली जाऊन बघतोय तर जनरेटरच्या फ्युएल लाईनमधनं बारीक फवारा उडायलाय, गरम इंजिनवर. तिथं अजून पाच मिनिटं कुणी गेलं नसतं तर काय झालं असतं ते ताईला सांगितलं नाही, तुम्ही पण सांगू नका.

युरोपात २०१२ ते २०१५ ह्या काळात मुनिन म्हणून एक प्रकल्प झाला, बिनमाणसाचं बल्क कॅरियर जमेल का हे बघायला. तिथंही इंजिनाशीच घोडं अडलं, जाड इंधन माणसाशिवाय चालवणं अवघड, स्वच्छ आणि महाग इंधन घ्या मग बघू, असं निघालं. मेफ्लॉवर नावाची १५ मीटरची बिनमाणसाची बोट इंग्लंडहून अमेरिकेला निघाली, २०२१ ला यांत्रिक बिघाडानं परत फिरली, २०२२ ला जनरेटरच्या बिघाडानं अझोर्स बेटांकडं वळली, तिथं माणसांनी दुरुस्त केल्यावर पुढं कॅनडात हॅलिफॅक्सला पोचली. सगळा मेंदू शाबूत होता बरं, कॅमेरे चालू, एआय चालू. नडला तो साधा जनरेटर.

त्यामुळं खोल समुद्रावरचा इंजिनियर लवकर जाईल असं मला वाटत नाही, उलट एलएनजी, मिथेनॉल, पुढं अमोनिया असली नवी इंधनं आली की काम वाढणार. पण छोटी बॅटरीवाली जहाजं आली की तिथं इंजिनियरला काय काम? बॅटरी आणि मोटर. पिस्टन नाही, प्युरिफायर नाही. तिथं माझी गरज नाही, ईटीओची आहे.

आणि इथंच दाजींनी स्वतःच उत्तर दिलं. त्यांच्या वडलांच्या काळात एक विणकर दोन साध्या मागांवर उभा असायचा. आता ज्यांनी रॅपियर जातीचे नवे माग घेतले त्यांच्याकडं एक माणूस कितीतरी जास्त माग बघतो, विणकर कमी झाले. पण जॉबर? माग बिघडला की जॉबर लागतोच, आणि रॅपियरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड कळणारा जॉबर तर सोलापुरात शोधून मिळंना, इचलकरंजीवरनं बोलवावा लागतो आणि तो म्हणंल तेवढे पैसे द्यावे लागतात. "म्हणजे तुम्ही म्हणताव, पोराला विणकर करू नका, जॉबर करा." मी म्हटलं हो, आणि कार्ड कळणारा जॉबर.

ह्याचं जहाजावरचं उदाहरण म्हणजे डाली. २६ मार्च २०२४, अमेरिकेत बाल्टिमोरला जवळपास ३०० मीटरच्या ह्या जहाजाची वीज गेली आणि ते पुलावर आदळलं, पूल पडला, वर काम करणारे सहा मजूर गेले. क्रूमध्ये २१ जण, त्यातले २० आपले भारतीय, कित्येक आठवडे त्याच जहाजावर अडकून. तपास दीड वर्षाच्या वर चालला आणि निघालं काय, तर एका वायरवर लावलेल्या लेबलच्या पट्टीमुळं वायर टर्मिनलमध्ये पूर्ण आत बसलीच नव्हती, ती सैल झाली आणि ब्रेकर पडला. हजारो वायरींमधली एक वायर! ह्या गोष्टीतनं दोन्ही बाजूचे लोक आपल्याला पाहिजे ते काढतात. एकजण म्हणतो बघा, वर २१ माणसं असून सैल वायर कुणाला दिसली नाही. दुसरा म्हणतो, वीज गेल्यावर ब्रेकर परत मारणारी माणसंच होती. मला त्यात तिसरंच दिसतं, जहाजात जितकी जास्त वायर तितका ईटीओ महाग होणार.

पण ईटीओबद्दल फक्त गोड बोलून चालणार नाही. एक, ह्यात वर चढायला शिडी नाही. थर्ड, सेकंड, चीफ असं काही नाही, ईटीओ तो ईटीओ, फार तर सीनियर. सुरुवातीचा पगार चांगला, पण पंधरा वर्षांनी बरोबरचा इंजिनियर चीफ होतो आणि कॅप्टनच्या बरोबरीनं घेतो, तेव्हा वाईट वाटतं. दोन, सगळ्या जहाजांवर ईटीओ नसतोच. टँकर, कंटेनर, गॅस, पॅसेंजर ह्यांवर बहुतेक असतो, साध्या बल्क कॅरियरवर पुष्कळ मालक ठेवत नाहीत, पैसे वाचवतात. तीन, फ्रेशर ईटीओला पहिली संधी मिळायला चपला झिजतात.

तरीही चाळिशीतला हिशोब मांडा. डेकवाला खाली उतरला तर बंदरात जहाजं आत-बाहेर नेणारा पायलट, हार्बर मास्टर, सर्व्हेअर, शिपिंग कंपनीचं ऑफिस, ह्या जागा चांगल्या आहेत पण सगळ्या समुद्राला चिकटून, मुंबई, कांडला, चेन्नई. सोलापुरात कॅप्टनच्या सर्टिफिकेटचा उपयोग फ्रेम करून लावायला. इंजिनवाला बॉयलर, पॉवर प्लांट, साखर कारखान्याचं को-जनरेशन कुठंही घुसतो, आणि आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना काय तोटा आहे. ईटीओ तर मागापासून सोलरपर्यंत कुठंही. किनाऱ्यावरचा आर्किटेक्ट तसाही किनाऱ्यावरच, पण कोची, विशाखापट्टणम, मुंबई, नाहीतर परदेश, कारण होर्टनसारखी केंद्रं आज नॉर्वे, जपान, कोरियात आहेत. भारतात सुरुवात झालीय, २०२४ ला मातंगी नावाची बिनमाणसाची बोट मुंबईहून तुतिकोरीनला १५०० किलोमीटरच्या प्रवासाला सोडली होती, ती करणारी कंपनी पुण्याची आहे म्हणजे हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन यावं एवढ्या अंतरावर. पण तिथला बराचसा धंदा नौदलाचा, मालवाहू जहाजांचा नाही.

जुनं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी जहाजावर रेडिओ ऑफिसर असायचा, मोर्स कोड वाजवणारा, रुबाबात राहायचा. सॅटेलाइटवरची, संकटात निरोप द्यायची जीएमडीएसएस पद्धत १ फेब्रुवारी १९९९ ला पूर्ण लागू झाली आणि ते पदच संपलं. एकदम नाही संपलं, आधी दहा-बारा वर्षं सगळ्यांना माहिती होतं की संपणार. मी ज्युनियर असताना एक पांढऱ्या केसांचे इलेक्ट्रिकल ऑफिसर होते, ते मूळचे रेडिओवाले. तारीख यायच्या आधीच त्यांनी इलेक्ट्रिकलचा अभ्यास करून घेतला होता. म्हणायचे, माझ्या बॅचचे बरेच जण शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत होते की मोर्सशिवाय जहाज चालूच शकत नाही.

एवढं सगळं बोललो पण खरी अडचण यंत्राची नाहीच, पहिलं जहाज मिळण्याची आहे. बीआयएमसीओ आणि आयसीएस ह्या जहाज कंपन्यांच्या जागतिक संघटनांच्या २०२१ च्या अहवालात जगात १८ लाख ९० हजार खलाशी आणि ऑफिसर, आणि २०२६ पर्यंत अजून ८९,५१० ऑफिसर लागतील असं म्हटलंय, तो आकडा दाखवून इन्स्टिट्यूटवाले ॲडमिशन करतात. कमी आहे ती अनुभवी ऑफिसरची. कोर्स केलेला कोरा कॅडेट ढिगानं पडलाय. आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या वडलांनी एका एजंटला "जॉईनिंग गॅरंटी" म्हणून पैसे दिले, शेत विकून, पोरगं दोन वर्षं नवी मुंबईत कॉट घेऊन राहिलं आणि परत आलं, आता मोबाईलच्या दुकानात आहे. त्यामुळं डीएनएस करायचं तर आधी कंपनीची स्पॉन्सरशिप हातात घ्या, मगच फी भरा. भरती करणाऱ्याचा आरपीएसएल, म्हणजे भरतीच्या परवान्याचा, नंबर सरकारच्या डीजी शिपिंगच्या साईटवर तपासा. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागितले की उठून निघायचं, नोकरीसाठी पैसे घेणं बेकायदाच आहे. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स डिग्रीचा रस्ता मला का आवडतो ते इथं लक्षात येईल, पहिलं जहाज मिळायला दोन वर्षं लागली तरी पोरगं रिकामं बसत नाही. बारावीनंतर थेट डीएनएस केलेल्याला मधल्या काळात कोण उभं करणार?

घराचं पण बोलूया. ताईचा प्रश्न एकच, "गड्ड्याला घरी असणार का?" गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा. १४ वर्षांत मी नऊ वेळा गड्डा चुकवलाय, नंदीध्वजाची मिरवणूक फोनवर बघितलीय तीही रेंज असंल तर. कॅडेटला सहा ते नऊ महिने सलग, आणि जहाजावर माणसं कमी होतील तसं आहे त्यांच्यावर काम वाढणार, गप्पा मारायला माणूस मिळणार नाही. बिनमाणसाच्या जहाजाची सगळे चर्चा करतात, अर्ध्या माणसांच्या जहाजावर राहायचं कसं ह्याची कुणी करत नाही. ज्या पोराला हे जमणार नाही असं वाटतंय त्याला मी सरळ चौथी वाट सांगतो, आणि त्यात कमी काही नाही.

बरं, सोलापूर आणि जहाज ह्यांचा काय संबंध असं कुणी म्हणंल तर सांगतो, वालचंद हिराचंद १८८२ ला आपल्या सोलापुरात जन्मले, आणि त्यांच्या सिंदिया कंपनीची लॉयल्टी बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली म्हणून आज त्या तारखेला देश सागरी दिन पाळतो. विशाखापट्टणमचं शिपयार्ड पण त्यांनीच काढलेलं. मुंबईचा समुद्र चारशे किलोमीटर लांब असून. भाच्याला हे माहितीच नव्हतं, त्याला वालचंद म्हटलं की फक्त कॉलेजचं कट-ऑफ आठवतं.

तर माझा कौल. पोराला ब्रिजचंच वेड असंल, रात्री झोपेत पण कॅप्टनच दिसत असंल, तर डीएनएस, पण स्पॉन्सरशिप असेल तरच, आणि ऑफिसर झाल्यावर नुसता पहारा न करता डीपी (कॉम्प्युटरनं जहाज एका जागी धरून ठेवणं), एलएनजी, पायलटेज असलं काहीतरी हातात घ्यायचं. हात काळे करायला आवडत असतील तर बीटेक मरीनच्या ऐवजी इथंच मेकॅनिकल आणि मग जीएमई, स्वस्त पडतं आणि दोन्ही दारं उघडी राहतात. आणि आमच्या भाच्यासारखं पोरगं, ज्यानं दहावीत असताना दाजींच्या मागाचं बंद पडलेलं कार्ड उघडून यूट्यूब बघून चालू केलं, त्यानं इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल करावं आणि मग ईटीओ. मी इंजिनवाला असून हे म्हणतोय. शिडी नाही हे खरंय, पण जहाजावर शेवटी एकच माणूस ठेवायचा ठरला तर तो कोण असेल ह्याचा मी पुष्कळ विचार केलाय, आणि तो मी नाही.

भाच्चा काय म्हणाला विचारताय? "मामा, मला तर कॅप्टनच व्हायचंय." तीन तास डोकं खपवल्यावर! दाजी म्हणाले हे तुमच्याच युनिफॉर्मचे फोटो बघून झालंय, निस्तरा आता.

ठीक आहे, मग त्याचं पण बघायला पाहिजे. डेकला चष्म्याशिवाय नजर चांगली लागते, इंजिनला थोडा नंबर चालतो, रंग ओळखता येणं दोन्हीकडं लागतं. हा सारखा मोबाईल नाकाला लावून बसलेला असतो आणि मागच्या बाकावरनं फळ्यावरचं दिसत नाही म्हणतो. म्हणून आयएमयू सीईटी आणि एमएचटी सीईटी दोन्हीचे फॉर्म भरायचे असं ठरलंय, आणि गुरुवारी सात रस्त्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नंबर लावलाय, रंग ओळखायचं ते ठिपक्यांचं पुस्तक दाखवून घ्यायला. दाजी म्हणाले मी पण येतो, माझे पण बघून घेऊ.